पत्रकावरचे ६०० आणि काट्यावरचे ८००: एएसी ब्लॉकच्या वजनाचा हिशोब

कराड, विटा, तासगाव, कुठेही एएसी ब्लॉकची (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे विटेऐवजी वापरायचा जाळीदार, हलका ब्लॉक) चौकशी करा, दुकानदार दोन गोष्टी हमखास ऐकवतो. ब्लॉक विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वजनाचा आहे, आणि तो पाण्यावर तरंगतो. यात खोटं काही नाही. पण एवढ्यावर विसंबून बीमचा हिशोब केला किंवा ट्रक भरला की गणित फसतं. कंपनीच्या पत्रकावर छापलेली ६०० (किलो प्रति घनमीटर) ही घनता ओव्हनमध्ये पार कोरड्या केलेल्या तुकड्याची असते, आणि साइटवर उतरणारा ब्लॉक तेवढा कोरडा कधीच नसतो. शिवाय भिंत नुसत्या ब्लॉकची नसते. तिच्यात सांधे असतात आणि दोन्ही अंगांना गिलावा असतो.

घनता म्हणजे एक घनमीटर मालाचं वजन. या घनमीटरलाच बाजारात सीबीएम म्हणतात. पाणी १००० किलो, आरसीसी २५०० किलो, आपल्याकडचा काळा दगड २७०० ते २९०० किलो, विटांचं बांधकाम साधारण १९०० किलो, आणि नेहमीचा एएसी ब्लॉक ५५० ते ६५० किलो. एका ब्लॉकचं वजन काढायचं तर लांबी, उंची, जाडी मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि घनतेने पुन्हा गुणायचं. सहा इंची ब्लॉक ६०० × २०० × १५० मिलिमीटर, म्हणजे ०.०१८ घनमीटर, ६०० घनतेला १०.८ किलो. चार इंची ७.२ किलो, आठ इंची १४.४ किलो. हे सगळे आकडे कोरड्या ब्लॉकचे. गाडीतून उतरवणाऱ्या बिगाऱ्याच्या हातात आठ इंची ब्लॉक अठरा-एकोणीस किलोचा असतो आणि त्यात काहीही वावगं नसतं.

हवा आत कशी शिरते

फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख), सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि पाणी यांचा रबडीइतका दाट घोळ मोठ्या लोखंडी साच्यात ओततात. काही कारखाने फ्लाय अॅशऐवजी दळलेली वाळू वापरतात. ओतण्याआधी शेवटच्या क्षणी त्यात अॅल्युमिनियमची बारीक पूड किंवा पेस्ट पडते. चुन्यातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी अॅल्युमिनियमची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि घोळ फुगायला लागतो. अनारशाला पडते तशी जाळी त्याला पडते, फक्त सर्व बाजूंनी आणि आरपार. हायड्रोजन हलका असल्याने निघून जातो, त्याची जागा हवा घेते.

अॅल्युमिनियम किती लागतं, याचा हिशोब रसायनशास्त्राच्या साध्या समीकरणावरून निघतो. एक किलो शुद्ध अॅल्युमिनियमपासून सुमारे सव्वा घनमीटर हायड्रोजन सुटतो. एक घनमीटर ब्लॉकमध्ये वायूने पाडायची जाळी साधारण अर्धा ते पाऊण घनमीटर असते. त्यामुळे दर घनमीटरला चारशे-पाचशे ग्रॅम पूड पुरते. सहाशे किलो मालात अर्धा किलोसुद्धा नाही! पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे झाले की ब्लॉकची घनता हलते ती त्यामुळेच.

साचा तीन-चार तास गरम खोलीत राहतो. घोळ घट्ट होऊन चाकूने कापता येईल असा झाला की त्याला कारखान्यात केक म्हणतात. तो ताणलेल्या तारांनी कापतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये ढकलतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ कोंडून ठेवणारं लांबलचक लोखंडी नळकांडं. आत १८० ते २०० अंश तापमान, हवेच्या दाबाच्या दहा-बारा पट दाब, आणि आठ ते बारा तास. एवढ्या उष्णतेत चुना आणि राखेतली सिलिका मिळून टोबरमोराइट नावाचं स्फटिकरूप संयुग तयार होतं, आणि ब्लॉकची ताकद त्यातून येते. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली. मूळ कृती आजही तीच आहे.

ऑटोक्लेव्हचा टप्पा लक्षात ठेवायचं कारण म्हणजे बाजारात सीएलसी (सेल्युलर लाइटवेट काँक्रीट) नावाचा दिसायला सारखाच ब्लॉक मिळतो. त्यात अॅल्युमिनियम नसतं. यंत्राने केलेला फेस सिमेंट-राखेच्या घोळात कालवतात, साच्यात ओततात आणि पाणी मारून साध्या हवेत पिकवतात. तो ८०० पासून १००० च्याही पुढच्या घनतेत मिळतो. वाईट माल नाही, पण वाळताना जास्त आकसतो आणि एवढ्याच ताकदीसाठी त्याला जास्त वजन लागतं. एएसी धरून केलेल्या ड्रॉइंगवर सीएलसी लावला की प्रत्येक बीमवरचं वजन गुपचूप वाढतं. त्याची मानकंही वेगळी आहेत: एएसीला भारतीय मानक (आयएस) २१८५ भाग ३, सीएलसीला भाग ४. बिलावर कोणता भाग लिहिलाय ते पाहा.

हलका म्हणजे चांगला, असं नाही

आयएस २१८५ भाग ३ मध्ये घनतेचे पाच पट्टे आहेत: ४५१ ते ५५०, ५५१ ते ६५०, ६५१ ते ७५०, ७५१ ते ८५० आणि ८५१ ते १०००. प्रत्येक पट्ट्यात ताकदीच्या दोन प्रती आहेत. ५५१ ते ६५० च्या पट्ट्यात पहिल्या प्रतीला किमान ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसावा लागतो, दुसऱ्या प्रतीला ३. त्याखालच्या ४५१ ते ५५० च्या पट्ट्यात हेच आकडे २ आणि दीड. म्हणजे घनता ६०० वरून ५०० वर आली तर वजन सहाव्या हिश्श्याने उतरतं, पण मानकाला अपेक्षित ताकद थेट निम्म्यावर येते. "आमचा ब्लॉक सगळ्यात हलका" ही जाहिरात वाचताना हे डोक्यात असू द्या. राहत्या घराच्या भिंतींना ५५१ ते ६५० चा पट्टा, पहिली प्रत, हाच सरळ पर्याय. त्याहून हलका घेऊन जे वाचतं ते ब्लॉकच्या तुटक्या कडांमध्ये आणि भिंतीतून उपटून आलेल्या खिळ्यांमध्ये जातं.

एकाच केकमध्येही घनता सारखी नसते. फुगताना खालच्या थरावर वरच्या घोळाचं वजन असतं, त्यामुळे तळाचे बुडबुडे लहान राहतात आणि तळाकडचा माल किंचित जड होतो. म्हणूनच घनतेच्या चाचणीसाठी केक फुगण्याच्या दिशेने वरचा, मधला आणि खालचा असे तीन तुकडे घेतात.

कारखान्यात घोळ जास्त गरम झाला किंवा चुना फार तेज निघाला तर वायू वेळेआधी सुटतो. केक फुगतो आणि घट्ट होण्याआधी बसतो. घोळ थंड राहिला किंवा अॅल्युमिनियम जुनं असलं तर केक पुरता फुगतच नाही आणि ब्लॉक जड निघतो. वाफेचा दाब घाईने सोडला तर केसासारख्या चिरा पडतात. आणि आत पुरेशी वाफ पोचली नाही तर ब्लॉक फोडल्यावर मधोमध गडद गाभा दिसतो. अशा ब्लॉकचं वजन अगदी नियमात भरेल, ताकद मात्र भरणार नाही. नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नये तो यासाठी.

पाणी किती आणि माल किती

ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलेल्या ब्लॉकमध्ये कोरड्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढं पाणी असतं. ६०० चा ब्लॉक ताजा असताना ७५० ते ८०० भरतो. भिंतीत बसून एक-दोन उन्हाळे गेले की हे पाणी पाचेक टक्क्यांवर येऊन थांबतं. त्यामुळे साइटवर ब्लॉक तपासायचा तर आधी पाणी बाजूला काढावं लागतं.

सगळ्यात खात्रीची घरगुती रीत अशी. चार इंची ब्लॉकमधून हातकरवतीने १०० × १०० × १०० मिलिमीटरचा ठोकळा कापा. त्याचं आकारमान बरोबर एक लिटर, म्हणून ग्रॅममधलं वजन हीच किलोतली घनता. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कापताना बाजू दोन मिलिमीटरने चुकली तर मोजपट्टीने मोजून खरं आकारमान काढा, अंदाजाने सोडू नका. तीन बाजूंना प्रत्येकी दोन मिलिमीटर म्हणजे सहा टक्क्यांची चूक होते. मग ठोकळा १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायचा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवत राहायचं. समजा आणल्या दिवशी ठोकळा ७८५ ग्रॅम होता आणि वाळून ६१२ वर थांबला. कोरडी घनता ६१२. पाणी १७३ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या २८ टक्के. टक्केवारी कोरड्या वजनावर काढायची, ओल्या नव्हे. या गोंधळामुळे प्रयोगशाळेचा आकडा आणि साइटचा आकडा कधीच जुळत नाहीत. उन्हात वाळवून ही चाचणी होत नाही. मे महिन्यातलं जतचं ऊनसुद्धा ठोकळ्यात थोडं पाणी शिल्लक ठेवतंच. ठोकळे तीन घ्या, गाडीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातल्या ब्लॉकचे.

ओव्हन नसेल तर तरंगण्याचाच उपयोग करून घेता येतो. पाण्यावर तरंगणं ही गुणवत्तेची खूण नव्हे. १००० च्या आतली कुठलीही वस्तू तरंगते, ९०० चा सीएलसीही तरंगतो. पण ब्लॉक किती बुडतो यात त्याची घनता लपलेली असते. चार इंची ब्लॉक साइटवरच्या हौदात आडवा, म्हणजे १०० मिलिमीटरची बाजू उभी राहील असा अलगद सोडा. पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांवर पेन्सिलने लगेच आखा, ब्लॉक बाहेर काढा आणि बुडालेला भाग मोजून सरासरी काढा. एक मिलिमीटर म्हणजे घनतेचे दहा किलो. ७६ मिलिमीटर बुडाला तर आहे त्या स्थितीत घनता ७६०. पाणी २५ टक्के असेल तर ७६० ला १.२५ ने भागून कोरडी ६०८. हे अर्ध्या मिनिटात आटपायला हवं, कारण ब्लॉक सोडल्या क्षणापासून पाणी प्यायला लागतो आणि रेघ वर सरकते.

पूर्ण गाडीचा अंदाज वजनकाट्यावर लागतो, आणि उसाच्या गाड्या काट्यावर चढताना पाहतच मोठ्या झालेल्या आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. सहा इंची १००० ब्लॉक म्हणजे कागदावर १८ घनमीटर. निव्वळ वजन १४,७६० किलो भरलं तर ओली घनता ८२०. ठोकळ्याच्या चाचणीत २८ टक्के पाणी निघालं असेल तर कोरडी ६४०, म्हणजे पट्ट्यात बसली.

पण इथे एक मेख आहे. मानकात लांबीला ५ मिलिमीटर आणि उंची-जाडीला ३ मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. ब्लॉक प्रत्यक्षात ५९५ × १९७ × १४८ निघाला तर तो नियमात बसतो, मात्र त्याचं आकारमान ३.६ टक्के कमी भरतं. त्याच गाडीत १८ ऐवजी १७.३५ घनमीटर माल उतरलेला असतो, ओली घनता ८५१ होते आणि कोरडी ६६५, म्हणजे पट्ट्याबाहेर. वर पैसे १८ घनमीटरचे. दहा ब्लॉक उचलून टेपने मोजायला पाच मिनिटं लागतात, ती द्या. आणि एका घनमीटरला सहा इंची ५५.५६ ब्लॉक बसतात, चार इंची ८३.३३, आठ इंची ४१.६७, एवढे आकडे खिशात असू द्या.

गाडी भरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २५ घनमीटरचा लोड कोरड्या आकड्याने १५ टन दिसतो, ताज्या ब्लॉकचा २० टन होतो. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकीच्या वळणांवर कुठला आकडा वाहत असते, ते सांगायला नको.

भिंतीचं खरं वजन

आता ब्लॉकवरून भिंतीवर येऊ. सहा इंची भिंतीचा एक चौरस मीटर घ्या.

ब्लॉक जोडायला पातळ सांध्याचं तयार मोर्टार वापरलं, ज्याला गवंडी सरळ केमिकल म्हणतात, तर सांधा तीन मिलिमीटरचा राहतो आणि भिंतीचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापतो. ६०० च्या ब्लॉकची कोरडी भिंत ६२० च्या आसपास जाते. तेच काम नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या मालात बारा मिलिमीटर सांध्याने केलं तर भिंतीचा साडेसात टक्के भाग २००० घनतेचा होतो आणि भिंत ७०० ओलांडते. सांध्यातच शंभर गेले. घट्ट पातळ सांध्यासाठी ब्लॉकचं माप मात्र नेटकं हवं. तीन मिलिमीटरच्या सांध्यात पाच मिलिमीटरचा फरक झाकला जात नाही, म्हणून वर मोजण्याचा एवढा आग्रह.

पातळ सांध्याची, मुरलेल्या ओलाव्याची सहा इंची भिंत चौरस मीटरला ९८ किलो भरते. बांधताना, ब्लॉक ताजे असताना, हीच ११८ असते. आता गिलावा. बाहेरून २० आणि आतून १२ मिलिमीटर, एकूण ३२. सिमेंट गिलाव्याची घनता २१०० धरली तर ६७ किलो. बेरीज १६५. तेवढ्याच जाडीची विटांची भिंत २८५ आणि गिलावा ६७, एकूण ३५२. म्हणजे ब्लॉक विटेच्या तिसऱ्या हिश्श्याचा असला तरी भिंत विटेच्या भिंतीच्या निम्म्याला थोडी कमी, एवढंच. चार इंची आतल्या भिंतीत तर आणखी गंमत. ब्लॉकचे ६५ किलो आणि दोन्ही बाजूंच्या बारा-बारा मिलिमीटर गिलाव्याचे ५० किलो. गिलावा ब्लॉकला येऊन भिडतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर जिप्सम केलं तर हे पन्नास वीस-बावीसवर येतात. वजन कमी करायचं तर ५५० चा ब्लॉक शोधत फिरण्यापेक्षा गिलाव्याची जाडी धरून ठेवणं कितीतरी फायद्याचं.

आणि गिलावा जाड होतो कशामुळे? बहुतेक वेळा बीम आणि ब्लॉकची रुंदी जमत नाही म्हणून. बीम नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर, आणि ब्लॉक २०० चा. तीस मिलिमीटरची पायरी कुठेतरी मालाने भरावी लागते. ड्रॉइंग करतानाच बीम-कॉलमची रुंदी ब्लॉकच्या जाडीला जुळवून घ्यावी, किंवा २२५ चा ब्लॉक मागवावा.

बीमच्या हिशोबात हे असं येतं: २.६ मीटर उंचीची सहा इंची भिंत, गिलाव्यासह, विटेत दर मीटरला ९१५ किलो, ब्लॉकमध्ये ४३० किलो. हजार चौरस फुटांच्या एका मजल्यावर दारं-खिडक्या वजा जाता सुमारे ११४ चौरस मीटर भिंत धरली तर फरक २१ टनांचा. त्याच मजल्याचा पाच इंची स्लॅब २९ टनांचा असतो, यावरून २१ टन म्हणजे काय ते ध्यानात येईल. अभियंत्याने ब्लॉकसाठी ६०० धरून चालू नये. बांधकामावेळचं पाणी आणि सांधे धरून ७५० ते ८०० धरावेत आणि गिलावा वेगळा जोडावा.

एक सांगायलाच हवं. "लोखंडात मोठी बचत" हे तळमजला अधिक एक अशा बंगल्यात फारसं दिसत नाही. तिथे कॉलमचे आकार आणि किमान सळई वजनाने कमी आणि नियमाने जास्त ठरतात. चार-पाच मजल्यांच्या इमारतीत, किंवा कृष्णाकाठच्या काळ्या मातीत जिथे पायाचा आकार वजनावर ठरतो तिथे, फरक खरा पडतो.

कोयनेची जमीन, कृष्णेचं पाणी

भूकंपात इमारतीवर येणारं आडवं बळ तिच्या वजनाच्या प्रमाणात असतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप या भागात कुणाला सांगावा लागत नाही. भूकंपाच्या मानकाच्या, म्हणजे आयएस १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत कोयना परिसर जास्त धोक्याच्या झोन ४ मध्ये येतो आणि सातारा-सांगलीचा बराचसा भाग झोन ३ मध्ये. हिशोबातला गुणक झोन ३ ला ०.१६ आणि झोन ४ ला ०.२४. म्हणजे पाटण तालुक्यात वजन कमी करण्याचा फायदा तासगावापेक्षा दीडपट. पण भिंत हलकी झाली म्हणून ती पडत नाही, असं मुळीच नाही. ब्लॉकची भिंत ठिसूळ असते आणि सुटी उभी राहिली तर आख्खीच्या आख्खी बाहेर कलंडते. कॉलममध्ये ड्रिल करून दर दोन-तीन थरांना सळई सोडणं, खिडकीच्या तळाशी आणि लिंटेलला (दारा-खिडकीच्या वरच्या कडेला) आरसीसी पट्टी फिरवणं, चार इंची भिंतीत मध्ये आणखी एक पट्टी देणं, हे खर्चात धरूनच ब्लॉकचा निर्णय घ्यावा. पट्ट्यांचं वजनही हिशोबात येतं. आरसीसी २५०० आहे.

पाण्याची गोष्ट वेगळी. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात पावसाळ्यात ब्लॉक उघड्यावर रचले तर तळाचे थर जमिनीतून आणि वरचे पावसातून पाणी ओढतात. फळ्यांवर किंवा पॅलेटवर रचा, वरून ताडपत्री घाला, बाजू मात्र उघड्या ठेवा, वारा फिरू द्या. चारी बाजूंनी गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरांत शिरलं. ब्लॉकच्या भिंतीत दिवसेंदिवस पाणी उभं राहिलं तर सहा इंची भिंतीचा एक चौरस मीटर पन्नासेक किलो पाणी पिऊ शकतो. ब्लॉक विरघळत नाही, पण वजन वाढतं, ओला ब्लॉक कोरड्यापेक्षा कमी दाब सोसतो, आणि ते पाणी निघायला कित्येक महिने लागतात. घाईने रंग दिला की तो पापुद्रे धरून सुटतो. ज्या गल्लीत पुराची रेघ माहीत आहे तिथे त्या रेघेच्या वर हातभरापर्यंत पक्की भाजलेली वीट किंवा भरीव काँक्रीट ब्लॉक वापरावा आणि एएसी त्याच्या वर सुरू करावा. जिप्सम गिलावा तर त्या उंचीत नकोच. जोत्याखाली आणि मातीला टेकून एएसी कुठेही नको, मग पूर येवो न येवो.

गवंडी भिजवतो तिथून भेगा सुरू होतात

कृष्णाकाठच्या भट्टीची वीट रात्रभर भिजवून लावायची असते. तोच हात ब्लॉकवर चालला की बिघडतं. ब्लॉक भिजवायचा नाही. थर लावण्याआधी वरची धूळ ब्रशने झाडायची आणि ओल्या ब्रशचा एक हात फिरवायचा, बस. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या कोरड्या वाऱ्यात केमिकल थापीवरच सुकायला लागतं. तिथे तो ओला हात चुकवू नये आणि एका वेळी दोन-तीन ब्लॉकपुरताच माल पसरावा.

भिजवल्याने होतं काय? ब्लॉक वाळताना आकसतो. पहिल्या प्रतीला मानकात ०.०५ टक्के आकसणं चालतं, दुसऱ्या प्रतीला ०.१०. चार मीटर भिंतीत हे अनुक्रमे दोन आणि चार मिलिमीटर होतात. ब्लॉक जितका ओला लावला तितकं हे आकसणं गिलावा झाल्यावर घडतं, आणि भेग गिलाव्यावर दिसते. दोष मग गिलावा करणाऱ्याला. ब्लॉक आणून तीन-चार आठवडे झाकून ठेवणं, भिंत झाल्यावर गिलाव्याआधी जमेल तेवढं थांबणं, बीमखाली बारा मिलिमीटर फट सोडून ती शेवटी भरणं आणि ब्लॉक-आरसीसीच्या सांध्यावर जाळी मारणं, यांतलं काही महाग नाही. रोज एका दमात छपरापर्यंत भिंत चढवण्याची घाई तेवढी सोडावी लागते.

वायरिंगसाठी झिरी मारताना छिन्नी-हातोडा नको, कटर वापरा. झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल जाऊ देऊ नका. चार इंची भिंतीत समोरासमोर दोन बोर्ड आले तर मध्ये पापुद्रा उरतो. गिझर, टीव्ही, वरची कपाटं यांसाठी ब्लॉकचे खास लांब नायलॉन प्लग मिळतात, भोक ड्रिलचा हातोडा-मोड बंद करून पाडायचं. पंचवीस लिटरचा भरलेला गिझर पस्तीस किलोच्या घरात जातो. त्याला भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागे पट्टी द्या.

ऑर्डरवर आणि चलनावर पाच गोष्टी लिहून घ्या: आयएस २१८५ भाग ३, घनतेचा पट्टा, प्रत, माप, आणि माल घनमीटरवर घेतोय की नगावर. चाचणी अहवाल त्याच बॅचचा मागा. दोन वर्षांपूर्वीचा लॅमिनेट केलेला कागद काही सांगत नाही.

आणि ड्रॉइंगवर "भिंती एएसी ब्लॉकच्या, घनता ८०० धरली आहे" अशी नोंद अभियंत्याकडून करून घ्या. पुढे पाच-सात वर्षांनी कुणीतरी खोलीचे दोन भाग करायला येतो, ब्लॉकची गाडी थोड्या मालासाठी परवडत नाही म्हणून विटा आणतो, आणि ब्लॉकच्या भिंतीसाठी केलेल्या बीमवर दर मीटरला ९१५ किलोची भिंत चढवतो. ती नोंद असली तर निदान विचारायचं कुणाला, हे तरी त्याला कळतं.